तळ गाठल्याची खात्री

१८८१ साली कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत योहान येन्सेन नावाचा एक तरुण नोकरीला लागला. पोटापाण्याची सोय व्हावी आणि उरलेल्या वेळात गणित करता यावे, एवढाच त्यामागचा हेतू. पुढे येन्सेन कंपनीच्या तांत्रिक विभागाचे प्रमुख झाले आणि १९२४पर्यंत त्याच नोकरीत राहिले. विद्यापीठात त्यांनी कधी पद घेतले नाही. संशोधनाला लागणारे गणित ते आपले आपणच शिकले. टेलिफोनच्या तारांवरच्या गर्दीचे गणित मांडणारे आग्नर एरलांग या कंपनीत आले, तेही येन्सेन यांच्याच ओळखीमुळे.

१९०६ साली येन्सेन यांचा एक फ्रेंच निबंध ‘आक्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात छापून आला. त्यात त्यांनी एका जातीच्या फलांचा, म्हणजे फंक्शनांचा, ‘कॉन्व्हेक्स’ या नावाने विचार केला. धन फल किंवा वाढते फल या कल्पना जितक्या मूलभूत तितकीच हीही आहे आणि प्राथमिक पुस्तकांत तिला जागा मिळाली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. अशा वक्रांचा उपयोग त्यांच्याआधी होल्डर आणि आदामार यांनी केला होता. पण ही एक स्वतंत्र कल्पना आहे आणि तिचा वेगळा अभ्यास व्हायला हवा, हे ठासून सांगितले ते टेलिफोनच्या इंजिनियरने.

कल्पना साधी आहे. वाटीच्या आतल्या बाजूवर कुठलेही दोन बिंदू घ्या आणि त्यांच्यामध्ये दोरा ताणा. दोरा वाटीच्या पृष्ठभागाच्या खाली कधी जात नाही. येन्सेन यांच्या व्याख्येत हेच आकड्यांत सांगितले आहे : मधल्या बिंदूवरची किंमत दोन टोकांच्या किमतींच्या सरासरीपेक्षा जास्त नसते. शाळेच्या भूमितीत आपण ‘बहिर्वक्र चौकोन’ शिकलो, त्याचेच हे भावंड. त्या चौकोनातल्या कोणत्याही दोन बिंदूंना जोडणारा रेषाखंड चौकोनाबाहेर जात नाही.

एवढ्या साध्या आकाराला इतके महत्त्व का, हे समजायला राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून दाट धुक्यात उतरणारा माणूस डोळ्यांपुढे आणावा. त्याला समोरचे चार फूट दिसतात. पाय सांगतील त्या उताराने खाली जात राहायचे आणि सपाट लागले की थांबायचे, एवढेच त्याच्या हातात आहे. पण थांबला ते पायथ्याचे गाव की अर्ध्या वाटेवरची माची? पायांना दोन्ही सारखीच लागतात. कमीत कमी खर्च, कमीत कमी चूक, कमीत कमी वेळ शोधणारे प्रत्येक गणित या माणसासारखेच असते. त्यालाही आपल्या पायाखालचा उतार तेवढा कळतो, सगळा डोंगर दिसत नाही. जमीन वाटीच्या आकाराची आहे हे आधी ठाऊक असेल, तर मात्र चिंता नको. वाटीत माची नसते. जिथे सपाट, तिथेच तळ. चार फुटांच्या माहितीवरून सगळ्या डोंगराविषयी बोलता येते ही कॉन्व्हेक्स आकाराची खरी देणगी.

अडचण अशी की व्यवहारातले कित्येक प्रश्न वाटीच्या आकाराचे नसतात. मग विसाव्या शतकात गणितज्ञ, अर्थशास्त्रज्ञ आणि इंजिनियर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागले : तळ गाठल्याची खात्री तर राहावी, पण त्यासाठी आकारावर घालायची अट कमीत कमी किती? या शोधाला ‘जनरलाइज्ड कॉन्व्हेक्सिटी’, म्हणजे व्यापक बहिर्वक्रता म्हणतात. मी गणित वर्गात बसून फारसे शिकलेलो नाही, जुने निबंध वाचत शिकलो. त्यामुळे कोणतीही व्याख्या समोर आली की ती कोणाला आणि कशासाठी लागली हे मी आधी शोधतो. त्या वाटेने गेल्यावर या विषयाचा इतिहास मला एका सौद्यासारखा दिसला. अट सैल केली की दर वेळी काहीतरी मिळते आणि काहीतरी हातचे जाते.

पाण्याची पातळी

१९२६च्या डिसेंबरात ग्योटिंगेनमध्ये योहान फॉन नॉयमन या तरुण गणितज्ञाने खेळांच्या सिद्धांतावर एक व्याख्यान दिले. त्याचा निबंध १९२८ साली प्रसिद्ध झाला. एकाचा फायदा तोच दुसऱ्याचा तोटा, अशा दोघांच्या खेळात दोघांनाही आपापल्या परीने सर्वोत्तम अशी एक समतोल स्थिती असते, हे त्यात सिद्ध केले होते. सिद्धतेसाठी नॉयमन यांनी फल वाटीच्या आकाराचे असावे असे मागितले नाही. त्यांनी त्याहून सौम्य अट घातली.

ती अट धरणाच्या पाण्यावरून समजते. दरीत एका ठरावीक उंचीपर्यंत पाणी भरले आहे असे माना. वरून नकाशात पाहिले तर पाण्याचा विस्तार बहिर्वक्र दिसला पाहिजे, म्हणजे पाण्यातल्या कोणत्याही दोन ठिकाणांना जोडणारी सरळ रेषा पाण्यातूनच गेली पाहिजे. पाण्याची पातळी कितीही ठेवली तरी हे खरे ठरले पाहिजे. वाटी ही अट अर्थातच पाळते. पण वाटी नसलेले असंख्य आकारही ती पाळतात, कारण काठ किती उभे, उतार कुठे वाढतो आणि कुठे मंदावतो, याच्याशी या अटीला देणेघेणे नाही. नॉयमन यांनी तिला नाव दिले नाही. काम झाले आणि ते पुढे गेले.

तीच अट दुसऱ्या टोकाकडून शोधणारे होते ब्रुनो दे फिनेत्ती. १९३१ ते १९४६ या काळात ते त्रिएस्ते शहरात एका मोठ्या विमा कंपनीत काम करत होते. संभाव्यतेवरचे त्यांचे गाजलेले विचार याच काळातले. १९४९ साली त्यांनी ‘बहिर्वक्र थरां’वर एक इटालियन निबंध लिहिला. त्याची प्रेरणा अर्थशास्त्रातली होती. विल्फ्रेदो पारेतो यांच्या विचारसरणीत माणसाला दोन वस्तुसंचांपैकी कोणता अधिक आवडतो एवढेच सांगता येते. आवड किती पट जास्त, याला अर्थ नाही. म्हणजे समाधानाच्या पायऱ्यांना १, २, ३ असे आकडे द्या किंवा १, ८, २७ असे द्या, माणूस तोच राहतो. पण आकडे बदलले की वाटीचा आकार बिघडतो. सारख्या पातळीच्या रेषा मात्र जागच्या हलत नाहीत. (अर्थशास्त्रात वाटी उपडी धरतात, पण मुद्दा तोच.) ज्या विषयात केवळ क्रमाला अर्थ आहे, तिथे क्रम बदलला नाही तर टिकून राहणारी अटच कामाची. दे फिनेत्ती यांनी दाखवले की कॉन्व्हेक्स फलाचे सगळे थर बहिर्वक्र असतात, पण उलट खरे नाही. आणि मग विचारले, बहिर्वक्र थरांच्या कोणत्या रचनेला नवे आकडे देऊन वाटी बनवता येईल?

हा प्रश्न उचलला व्हेर्नर फेन्शेल यांनी. १९०५ साली बर्लिनमध्ये जन्मलेल्या फेन्शेल यांना ज्यू असल्यामुळे १९३३ साली ग्योटिंगेन सोडावे लागले. ते डेन्मार्कमध्ये आले आणि १९४३ साली तिथूनही जीव वाचवून स्वीडनला गेले. युद्ध संपल्यावर परतले. १९५१च्या वसंतात प्रिन्स्टन विद्यापीठात त्यांनी बहिर्वक्र संच आणि फलांवर व्याख्याने दिली. ती अल्बर्ट टकर यांच्या पुढाकाराने, अमेरिकी नौदलाच्या पैशावर चालणाऱ्या प्रकल्पात झाली. त्यांची टिपणे १९५३ साली चक्रमुद्रित होऊन हातोहात फिरली. दे फिनेत्ती यांच्या प्रश्नाचा त्यांत सविस्तर विचार आहे आणि पाण्याची अट पाळणाऱ्या फलांना तिथे ‘क्वासी-कॉन्व्हेक्स’ म्हटले आहे.

बेरीज आणि माची

आता सौद्यात काय गेले ते पाहू. कॉन्व्हेक्स फलांची बेरीज कॉन्व्हेक्सच असते. दोन खर्च वाटीसारखे असतील तर एकूण खर्चही वाटीसारखाच राहतो, म्हणून मोठा प्रश्न छोट्या तुकड्यांतून उभारता येतो. क्वासी-कॉन्व्हेक्स फलांना हे सुख नाही. सतत चढणारी रेषा क्वासी-कॉन्व्हेक्स असते, सतत उतरणारीही असते. पण चढती आणि उतरती यांची बेरीज केली की हवा तेवढा खाचखळग्यांचा वक्र मिळू शकतो. दोन चांगल्या अटींच्या बेरजेतून कोणतीही अट न पाळणारी वस्तू निघते. व्यवहारात खर्चांची बेरीज टाळता येत नाही, म्हणून हे नुकसान लहान नाही.

दुसरे नुकसान माचीचे. क्ष चा घन हे फल घ्या. ते सतत वाढते, म्हणून क्वासी-कॉन्व्हेक्स आहे. पण शून्यापाशी त्याचा उतार शून्य होतो. उजवीकडून खाली येणारा माणूस तिथे सपाटी लागली म्हणून थांबेल, आणि डावीकडे उतार पुढे चालूच असेल. ज्या खात्रीसाठी हा खटाटोप, तीच निसटली.

हे अर्थशास्त्रज्ञांनाही जाणवले. बंधने असलेल्या प्रश्नात इष्टतम जागा ओळखण्याच्या अटी हॅरॉल्ड कुन आणि टकर यांनी १९५१ साली प्रसिद्ध केल्या होत्या. त्याच अटी विल्यम कारुश यांनी १९३९ साली शिकागो विद्यापीठातल्या मास्टर्स पदवीच्या प्रबंधात मांडल्या होत्या, पण तो प्रबंध छापला गेला नाही. १९६१ साली केनेथ ॲरो आणि अलेन एन्टहोवन यांनी या अटी क्वासी जातीच्या फलांपर्यंत नेल्या. माचीमुळे त्यांना प्रत्येक ठिकाणी जादा अटींचे टेकू द्यावे लागले.

माचीलाच बंदी घालणारी व्याख्या १९६५ साली ओल्वी मंगासारियन यांनी दिली. बगदादमधल्या आर्मेनियन कुटुंबात जन्मलेले मंगासारियन तेव्हा कॅलिफोर्नियात शेल या तेल कंपनीच्या संशोधन विभागात होते. व्याख्येचा आशय असा : तुम्ही उभे आहात तिथून एखाद्या जागेच्या दिशेने उतार नसेल, तर ती जागा तुमच्याहून खाली नाही. यांना ‘सूडो-कॉन्व्हेक्स’ फले म्हणतात. क्ष चा घन या परीक्षेत नापास होतो. क्ष अधिक क्ष चा घन हे फल मात्र वाटी नसूनही पास होते, कारण त्याचा उतार कुठेच शून्य होत नाही. मंगासारियन पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात गेले आणि स्तनातल्या गाठी कर्करोगाच्या आहेत की नाहीत हे ओळखण्यासाठी त्यांनी तिथल्या एका शल्यचिकित्सकाबरोबर हेच इष्टतमीकरणाचे गणित वापरले.

ही व्याख्या हवेतली नव्हती, हे गुणोत्तरांवरून कळते. गुंतवलेल्या दर रुपयामागे नफा किती, हा कोणत्याही धंद्यातला पहिला प्रश्न. दोन-तीन मालांचे प्रमाण बदलता येत असेल तर नफा भागिले गुंतवणूक हे गुणोत्तर सहसा वाटीसारखे नसते आणि उपड्या वाटीसारखेही नसते. पण ‘हे गुणोत्तर निदान ०.२ असावे’ असे म्हटले, की छेद पलीकडे नेऊन ‘नफा निदान गुंतवणुकीच्या ०.२ पट असावा’ असे लिहिता येते. ही झाली साधी सरळ रेषेची अट. म्हणजे प्रत्येक पातळीची सीमा सरळ, पाण्याची अट दोन्ही बाजूंनी पाळलेली आणि माची कुठेच नाही. हंगेरीत बेला मार्तोश यांनी १९६० साली, अमेरिकेत चार्न्स आणि कूपर यांनी १९६२ साली आणि आपल्याकडे दिल्लीच्या कांती स्वरूप यांनी १९६५ साली असे प्रश्न सोडवण्याच्या पद्धती दिल्या. इथे अट सैल केल्याचा रोख फायदा दिसतो. प्रश्न वाटीचा नव्हता, तरी उत्तराची खात्री मिळाली. आणि अट पाळली जाते आहे हे शाळेच्या बीजगणिताने तपासता आले.

याच सुमारास व्हिएतनामचे होआंग तुई उलट्या दिशेने निघाले होते. सूडो जातीच्या फलांचा विचार त्यांनी मंगासारियन यांच्या आसपास स्वतंत्रपणे केला होताच. १९६४ साली मात्र त्यांनी उपड्या वाटीचा तळ शोधायला घेतला. उपड्या वाटीचा सर्वांत खालचा बिंदू क्षेत्राच्या कोपऱ्यात असतो, आणि कोपरे बेसुमार असू शकतात. उताराचा विचार इथे फसवतो. तुई यांनी जिथे तळ असणे शक्य नाही असे भाग एका प्रतलाने कापून टाकण्याची युक्ती काढली; ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. आकार खात्री देत नसेल तर खात्री कष्टाने कमवावी लागते, असा हा मार्ग.

अट की उत्तरच?

१९८०च्या ऑगस्टमध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला या विषयावर एक मोठे अभ्याससत्र भरले. दुसऱ्याच वर्षी मॉर्गन हॅन्सन यांचा एक निबंध आला आणि विषयाने वळण घेतले.

कॉन्व्हेक्स फलाचा एक गुणधर्म असा आहे. तुम्ही एका जागी उभे आहात, दुसरी जागा दूर आहे. तुमच्यापासून तिच्यापर्यंत सरळ बाण काढा आणि त्याला पायाखालच्या उताराने गुणा. दोन जागांच्या उंचीतला फरक त्या गुणाकारापेक्षा कमी नसतो. हॅन्सन यांनी विचारले, बाण सरळच कशाला हवा? प्रत्येक दोन जागांसाठी कोणता का होईना, एक बाण सापडला आणि अट पाळली गेली, तरी कुन आणि टकर यांच्या अटी पुरेशा ठरतात. मेलबर्नचे ब्रूस क्रेव्हन यांनी अशा फलांना ‘इन्व्हेक्स’ असे नाव दिले.

कल्पना देखणी होती. निबंधांचा ओघ सुरू झाला. पण १९८५ साली क्रेव्हन आणि ग्लोव्हर यांनी, आणि १९८६ साली आदी बेन-इस्राएल आणि बर्ट्रम माँड यांनी या व्याख्येच्या आत डोकावून पाहिले. त्यांना दिसले ते चार ओळींत सांगता येते. जमीन सपाट नसेल तिथे उताराच्या दिशेने बाण काढून त्याची लांबी हवी तेवढी कमीजास्त करता येते, म्हणजे अट आपोआप पाळली जाते. जमीन सपाट असेल तिथे बाण कोणताही घेतला तरी गुणाकार शून्यच येतो. मग अट एवढेच मागते की दुसरी कोणतीही जागा याहून खाली नसावी. म्हणजे ‘फल इन्व्हेक्स आहे’ आणि ‘सपाट सापडलेली प्रत्येक जागा तळच आहे’ ही दोन्ही विधाने तंतोतंत एकच आहेत.

कमीत कमी अटीचा शोध इथे खरोखर संपला. याहून सैल अट असूच शकत नाही. पण हातात आलेली अट म्हणजे आपल्याला हवे असलेले उत्तरच होते, वेगळ्या कपड्यांत. धुक्यातल्या माणसाने विचारावे, ‘मी पायथ्याला पोचलो हे कशावरून?’ आणि उत्तर मिळावे, ‘या डोंगराला माची नसेल, तर तू पायथ्याला आहेस.’ उत्तर खरे आहे. पण डोंगराला माची नाही हे कळायला सगळा डोंगर फिरावा लागेल, आणि फिरल्यावर या उत्तराची गरज उरणार नाही.

हॅन्सन यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. बंधने असलेल्या प्रश्नात मूळ फल आणि सगळी बंधने यांना मिळून एकच बाण चालावा लागतो. ही मागणी आपोआप पुरी होत नाही. तिथे व्याख्येला अजून धार आहे. तरीही तो बाण शोधायचा कसा, याची सर्वसाधारण रीत हातात नसते. दरम्यान प्री-इन्व्हेक्स, क्वासी-इन्व्हेक्स, बी-व्हेक्स अशी नावे वाढत गेली. भारतातही दिल्ली, बनारस इथल्या विद्यापीठांत यावर पुष्कळ काम झाले. त्यातले काही कसदार आहे. पण मी चाळलेल्या कितीतरी निबंधांत नवी व्याख्या, तिच्याखाली जुन्याच प्रमेयाचे नवे रूप आणि शेवटी केवळ व्याख्या रिकामी नाही हे दाखवण्यापुरते घडवलेले उदाहरण, एवढाच ऐवज आढळतो. २०१४ साली रुमानियाचे गणितज्ञ कॉन्स्टँटिन झालिनेस्कू यांनी या लेखनाची कठोर तपासणी करणारा निबंध लिहिला, त्याचे मला नवल वाटले नाही.

उतारावरून उंची

या कोंडीतून बाहेर काढणारी कल्पना १९६३ सालची निघाली, म्हणजे ‘इन्व्हेक्स’ शब्दाच्याही अठरा वर्षे आधीची. मॉस्कोत बोरिस पोल्याक उतारावरून खाली जाण्याची पद्धत किती वेगाने तळाला नेते हे तपासत होते. त्यांनी अशी अट घेतली : कोणत्याही जागी उताराचा वर्ग हा त्या जागेच्या तळापासूनच्या उंचीच्या ठरावीक पटीपेक्षा कमी नसावा. त्याच वर्षी पोलंडच्या स्तानिस्लाव्ह वोयासिएविच यांनी शुद्ध गणितात याच कुळातली, अधिक सर्वसाधारण असमानता मांडली.

ही अट पाळणारे प्रत्येक फल इन्व्हेक्स असते, कारण उतार शून्य झाला की उंचीही शून्य. पण ती इन्व्हेक्सपेक्षा जास्त मागते आणि म्हणून जास्त देते. धुक्यातल्या माणसाला ती केवळ ‘सपाट म्हणजे तळ’ असे सांगून थांबत नाही. पायाखालचा उतार एवढा आहे, तर पायथा याहून खोल असूच शकत नाही, असे ती आकड्यात सांगते. शिवाय योग्य मापाची पावले टाकली तर दर पावलाला उरलेली उंची एका ठरावीक प्रमाणात घटेल याची हमी देते. २०१६ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या करीमी, नुटिनी आणि श्मिट या संशोधकांनी या जुन्या अटीकडे पुन्हा लक्ष वेधले. मधल्या काळात सुचवलेल्या कित्येक अटींपेक्षा ती सौम्य आहे, तरी तेवढाच वेग देते, हे त्यांनी दाखवले. १९८०चे अभ्याससत्र याच विद्यापीठात भरले होते.

आज हा प्रश्न केवळ गणितज्ञांचा राहिलेला नाही. बोललेले ओळखणारी, भाषांतर करणारी, क्ष-किरण चित्रे वाचणारी यंत्रे शिकतात म्हणजे कोट्यवधी मिती असलेल्या डोंगरावरून धुक्यात उतरतात. तो डोंगर वाटीच्या आकाराचा नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी उतरणे बऱ्याचदा जमते. अतिशय रुंद न्यूरल नेटवर्कांच्या बाबतीत, सुरुवातीच्या जागेच्या परिसरात पोल्याक यांच्यासारखी अट पाळली जाते, असे काही निष्कर्ष अलीकडे सिद्ध झाले आहेत. ‘कदाचित हे फल इन्व्हेक्स असेल’ एवढेच म्हटले असते, तर हाती काही लागले नसते.

येन्सेन यांची वाटी आजही टिकून आहे, कारण ती ओळखायला तळ पाहावा लागत नाही. दोनदा विकलज काढा, तो कुठेही ऋण नाही हे पाहा, झाले. गुणोत्तराच्या प्रश्नात छेद पलीकडे नेला की झाले. त्यामुळे बहिर्वक्रतेची नवी व्याख्या वाचायला घेतली की ती किती फलांना सामावून घेते हे मी नंतर पाहतो. ती लागू आहे हे डोंगर न फिरता कसे कळणार, हे लेखकाने सांगितले आहे का, ते पान आधी उघडतो.